लहान मुलांची विकास-तपासणी: आधी कान, मग बाकीचं

वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून, सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांची आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकाच जागी होतोय. तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण ‘असेसमेंट’ हा एकच शब्द वापरतो. पहिली म्हणजे चाळणी. मूल पुढे तपासायला हवं का, एवढंच ती सांगते. दुसरी सविस्तर तपासणी, जिच्यात मुलाला काय येतं, कुठे अडतं आणि का अडतं ते बघतात. तिसरी सरकारी प्रमाणपत्रासाठीची, दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणारी. चाळणीच्या आकड्याला निदान समजू नये आणि प्रमाणपत्र येईपर्यंत थेरपी लांबवू नये. पुढची उत्तरं वाचताना हे तीन कप्पे वेगळे ठेवा.

प्रश्न: मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. ‘आई’, ‘पापा’, ‘दे’, ‘गाई’ असे चार-पाच शब्दच बोलतो. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले. डॉक्टरही तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणाले. घरात मराठी, शेजारी हिंदी, मोबाइलवर इंग्रजी. भाषांमुळे गोंधळला असेल का? सुरुवात कुठून करू? — एक आई, कळवा

उत्तर: थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. तुमचा मुलगा त्यापासून बराच मागे आहे. वडील उशिरा बोलले असतीलही, पण त्यावरून या मुलाचा उशीर त्याच कारणाने आहे असं ठरत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर तुमचे दोन दिवस जातील. न तपासता थांबलात आणि अडचण निघाली, तर भाषा सर्वांत वेगाने वाढते ती वर्षं हातची जातील.

पहिली तपासणी कानांची. ‘टीव्ही लावला की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं’ हा पुरावा फार फसवा आहे. काही मुलांना जाडे, खालच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज येत नाहीत. सततच्या सर्दीने मधल्या कानात पाणी साठलं की ऐकणं आज बरं, उद्या कमी असं होत राहतं. घरातल्यांना वाटतं, पोरगं हट्टी आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करतं.

क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानातला मळ आणि पडदा बघून घ्या. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, टिम्पॅनोमेट्री. कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का, ते तिच्यात कळतं. त्यानंतर ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणं. ही दोन-चार मिनिटांची तपासणी असते, पण मूल शांत लागतं. ओएई नापास म्हणजे बहिरेपण नव्हे. मळ, पाणी किंवा मुलाची चुळबुळ एवढ्यानेही ती नापास येते. उलट ओएई पास झाली तरी आवाज मेंदूपर्यंत नीट पोचतोच असं नाही. म्हणून बोलायला एवढा उशीर असेल तर बेरा करून घ्या. डोक्याला आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या मार्गाचा प्रतिसाद मशीन नोंदवतं. दुखत नाही. मात्र मूल गाढ झोपलेलं लागतं.

बेरा वाया जाते ती इथेच. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत या सगळ्या तपासण्या होतात. पण कळव्याहून निघालेलं मूल लोकलच्या डुलण्याने दादरच्या आत झोपतं, संस्थेत पोचल्यावर टक्क जागं होतं आणि पुढची तारीख मिळते. त्या दिवशी मुलाला नेहमीपेक्षा दोन तास लवकर उठवा. प्रवासात एका मोठ्या माणसाचं काम मुलाला जागं ठेवणं एवढंच असू द्या. दूध-खाणं तपासणीच्या वेळेच्या अंदाजाने द्या. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास आधी खाणं बंद ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारा. औषध तिथे जाऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. घरून पाजून निघायचं नाही. सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या.

कान ठीक निघाले तरी काम संपत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची ऑटिझमसाठीची (स्वमग्नतेसाठीची) वीस प्रश्नांची चाळणी आहे. तुमचा मुलगा २८ महिन्यांचा आहे, म्हणजे ती अजून लागू होते. ० ते २ गुण आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर अडलेल्या प्रश्नांवर आईवडिलांशी पुन्हा सविस्तर बोलून खात्री करतात, ८ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. ‘हो’ कधी म्हणायचं, हे लोक चुकतात. दहादा हाक मारल्यावर एकदा बघितलं तर त्याला ‘हाक मारल्यावर बघतो’ म्हणत नाहीत. जे बहुतेक वेळा करतो तेच ‘हो’.

शब्दांच्या मोजणीपेक्षा आम्हाला तुमच्या पत्रातली हात ओढण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. आकाशात विमान दिसलं की बोट दाखवून तो तुमच्याकडे बघतो का? मागण्यासाठी नाही, नुसतं तुम्हालाही दिसावं म्हणून? ते होत नसेल तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना, दाखवा आणि नेमकं हेच त्यांना सांगा.

भाषांचं म्हणाल, तर दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलायला एवढा उशीर होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. ‘पाणी’ आणि ‘वॉटर’ दोन्ही म्हणत असेल तर दोन धरा. घरातली मराठी मुळीच बंद करू नका. बंद करायचा तर मोबाइल, कारण कार्टून मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

प्रश्न: मुलगी ३२ आठवड्यांची असताना जन्मली. आता दहा महिन्यांची आहे आणि नुकती आधाराशिवाय बसायला लागली. शेजारचं तेवढंच बाळ धरून उभं राहतं. — ऐरोली

उत्तर: तिचं वय आधी नीट मोजा. चाळीस आठवड्यांतून ३२ वजा केले की आठ उरतात. दहा महिन्यांतून हे आठ आठवडे काढले तर तिचं दुरुस्त वय झालं आठ महिन्यांच्या आसपास. आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसणं अगदी चालण्यासारखं आहे. दोन वर्षांची होईपर्यंत प्रत्येक तपासणीत हेच वय धरायचं. ‘किती आठवड्यांची जन्मली’ हे तुम्हीच आधी सांगा. केसपेपरवर जन्मतारीख तेवढी असली तर मूल विनाकारण मागे दिसतं. लसींच्या तारखा मात्र जन्मतारखेनेच.

तरीही वयाचा हिशेब न करता लगेच दाखवायच्या काही खुणा आहेत: पाय ताठ राहून कात्रीसारखे एकमेकांवर येणं, मुठी कायम आवळलेल्या असणं, एकाच हाताने वस्तू घेणं. वर्षाच्या आत बाळाला उजवं-डावं नसतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या बाजूची तपासणी हवी. डिस्चार्जचा कागद काढून डोळ्यांच्या पडद्याची, म्हणजे आरओपीची, तपासणी झाली होती का तेही बघा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेली असेल तर कानांसाठी नुसत्या ओएईवर समाधान मानू नका, बेरा करून घ्या.

प्रश्न: मुलगा २६ महिन्यांचा. खासगी सेंटरमध्ये तपासणी झाली. रिपोर्टमध्ये ‘मेंटल डीक्यू ६२, मोटर डीक्यू ८१’ एवढंच लिहिलंय. हा आयक्यू आहे का? मुलगा मतिमंद आहे असं म्हणायचं का? — एक वडील, वाशी

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आकडा कसा निघतो ते कळलं की त्याची भीती कमी होईल आणि उपयोगही करता येईल.

आकड्यांच्या या जोडीवरून चाचणी बहुधा डीएएसआयआय असावी. भारतीय बाळांसाठी बडोद्यात तयार झालेली ही चाचणी जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत चालते. तिच्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक असतात. मुलाला जे जमलं त्यावरून त्याचं विकासाचं वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभरने गुणतात; येतो तो डीक्यू, म्हणजे विकासाचा भागांक. तुमच्या मुलाचं मानसिक विकासाचं वय १६ महिने आलं असणार: १६ भागिले २६, म्हणजे ६२. हालचालींचं २१ महिने: २१ भागिले २६, म्हणजे ८१. सत्तर किंवा त्याखाली डीक्यू आला तर विकासात लक्षणीय उशीर आहे असं समजतात.

आता दोन आकड्यांतला फरक बघा. मानसिक विकासाच्या भागात भाषा, समज, नक्कल, वस्तूंचा वापर हे सगळं एकत्र मोजलेलं असतं. एखाद्या मुलाची समज वयाप्रमाणे असेल, पण भाषा फार मागे असेल, तरी आकडा खाली येतो. दुसऱ्याचं सगळंच थोडं थोडं मागे असेल, त्याचाही आकडा तोच येतो. दोघांना लागणारी मदत वेगळी. म्हणून रिपोर्टमध्ये कोणते घटक जमले आणि कोणते नाही, ते आलंच पाहिजे. सेंटरकडे परत जा आणि हे मागा: चाचणीचं पूर्ण नाव, तपासणीची तारीख, त्या दिवशीचं अचूक वय, भाषा-समज-हालचाल यांचं वेगवेगळं वर्णन, चाचणीच्या वेळी मुलाचं वागणं आणि तपासणाऱ्याची सही-शिक्क्यासह आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी. तपासणारे डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलची नोंदणी. हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैसे आकड्याचे दिलेले नाहीत, माहितीचे दिलेत.

आकडा खोटा खाली येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. दुपारी दोनची वेळ म्हणजे मुलाच्या झोपेची वेळ. अनोळखी खोली, आई बाहेर. मराठी मुलाला हिंदीत किंवा इंग्रजीत सूचना. कानांची तपासणी आधी न होणं हे तर सर्वांत वाईट, कारण मग ऐकू न आल्याचे गुण समजेतून कापले जातात. यातलं काही तुमच्याकडे झालं असेल तर रिपोर्टवर तसं लिहून घ्या. नीट झालेली तपासणीही दोन वर्षांच्या मुलाचं पुढचं आयुष्य सांगत नाही. ती आज कुठून सुरुवात करायची ते सांगते. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासा आणि डीक्यूच्या आकड्याऐवजी महिने बघा. सहा महिन्यांत विकासाचं वय सहा महिन्यांनी पुढे गेलं तर मूल वाढीचा नेहमीचा वेग धरून आहे. दोनच महिन्यांनी गेलं तर थेरपीत बदल हवा.

शब्दाबद्दल: तुम्ही लिहिलेला शब्द आता कागदोपत्रीही वापरत नाहीत, ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतात. आणि पाच वर्षांखाली तेही निदान देत नाहीत. एक ते पाच वर्षांपर्यंत फार तर ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे सर्वांगीण विकासातला उशीर, एवढंच म्हणायचं असा प्रमाणपत्राच्या मार्गदर्शक सूचनांतला नियम आहे. त्यापूर्वी कुणी छातीठोकपणे तसं सांगितलं तर दुसरं मत घ्या.

प्रश्न: साडेचार वर्षांच्या मुलाचं खासगी डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान केलंय. सरकारी प्रमाणपत्र कुठे, कसं काढायचं? वाशीला जायचं की ठाण्याला? — खारघर

उत्तर: कदाचित दोन्हीकडे नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, घणसोली, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलं तरी जिल्हा बदलत नाही. अर्जात ठाणे जिल्हा निवडला की अर्ज चुकीच्या रुग्णालयात जाऊन पडतो आणि महिनोन् महिने ‘पेंडिंग’ दिसतो. मूल राहतं तो जिल्हा निवडा. ते जिथे उपचार घेतंय त्या रुग्णालयातूनही, ते प्रमाणपत्र देण्यासाठी नेमलेलं असेल तर, अर्ज करता येतो. आधारवर गावचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या.

अर्ज दिव्यांगांसाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर करायचा. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा लागतो. जन्मदाखलाही जवळ असू द्या. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतात. सायबर कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, नाहीतर पुढचे ओटीपी दुकानदाराकडे जातात. नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. मग रुग्णालयाच्या तारखेला सगळे जुने रिपोर्ट, कानांच्या तपासणीसह, मूळ आणि झेरॉक्स घेऊन जा. खासगी निदान तिथे आपोआप मान्य होत नाही. तिथले तज्ज्ञ मुलाला पुन्हा बघतात, पण जुने कागद त्यांना खूप मदत करतात.

ऑटिझमची तीव्रता मोजायला आयएसएए ही भारतीय मोजपट्टी आहे. ४० घटक, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. या गुणांवरून टक्के ठरतात. गुण म्हणजे टक्के नव्हेत. बरेचसे घटक आईवडिलांना विचारून भरतात आणि तिथे माया आड येते. ‘जेवतो का?’ म्हटलं की आपण ‘हो’ म्हणतो. मोबाइल समोर धरून, पाऊण तास, फक्त वरणभात आणि तोही भरवून, हे सांगायचं राहून जातं. मुलाचा वाईट दिवस सांगायची गरज नाही, पण मदतीशिवाय काय होतं आणि किती मदत लागते ते खरंखरं सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. २०२४ च्या नियमांनुसार ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० दरम्यान पिवळं आणि त्यावर निळं दिव्यांग ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) मिळतं. या वयातलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तीन-चार महिने आधी हालचाल सुरू करा. निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील करता येतं. कार्ड आल्यावर ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज जरूर करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

तपासणी आणि थेरपीसाठी मात्र जिल्ह्याची अडचण नाही. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र तुमच्या खारघरमध्येच आहे. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी वाशीच्या ईटीसी या महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात चौकशी करावी.

प्रश्न: खासगी तपासणी परवडत नाही. मुलगी अंगणवाडीत जाते, तीन वर्षांची आहे, अजून नीट चालत नाही. — दिवा

उत्तर: यासाठी पैसे लागायला नकोत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान-डोळे, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली मिळावेत अशी रचना आहे.

अडतं ते बहुतेक एकाच कारणाने: पथक आलं त्या दिवशी मूल गावी किंवा घरी असतं. सेविकाताईंना पथकाची पुढची तारीख विचारा, पण तोवर थांबू नका. तीन वर्षांची मुलगी नीट चालत नाही, हे थेट ठाण्याच्या सिव्हिलला किंवा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात बालरोग ओपीडीत जाऊन दाखवण्याएवढं मोठं कारण आहे. ताईंकडून रेफरची चिठ्ठी घेतली तर बरं. आणि तपासणीच्या काळात मुलीला अंगणवाडीतून काढू नका. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या अंगणवाडी प्रोटोकॉलप्रमाणे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबरच सामावून घ्यायचं आहे.

प्रश्न: सीनियर केजीतला मुलगा ‘ब’ आणि ‘ड’ची इंग्रजी अक्षरं उलटी काढतो. शिक्षिका म्हणतात, डिस्लेक्सियाची टेस्ट करा. — घोडबंदर रोड

उत्तर: या वयात नाही. अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच देतात, कारण त्याआधी वाचन-लेखन शिकवणंच पुरेसं झालेलं नसतं. पाच वर्षांच्या कितीतरी मुलांची अक्षरं उलटी येतात. आता डोळे आणि कान तपासा, यमक जुळवणं आणि शब्दाचा पहिला आवाज ओळखणं असे खेळ खेळा. बोलण्यातच उशीर किंवा अस्पष्टपणा असेल तर स्पीच थेरपिस्टला मात्र आत्ताच दाखवा.

प्रश्न: पहिलीच्या प्रवेशासाठी शाळा मुलीचा पूर्ण रिपोर्ट मागते. दिला तर प्रवेश नाकारतील अशी भीती वाटते. — ठाणे पश्चिम

उत्तर: पूर्ण रिपोर्ट देण्याची गरज नाही. त्यात गरोदरपण, घरची माहिती, आकडे असं बरंच काही असतं, जे शाळेच्या कामाचं नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांकडून शाळेसाठी एक पानाचं वेगळं पत्र मागा. त्यात मुलीला काय जमतं, वर्गात काय मदत लागेल, एवढंच असावं: पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, गोंगाट वाढला तर पाच मिनिटं बाहेर, शौचालयासाठी मदतनीस. असं पत्र मिळालं की शिक्षकांना काय करायचं ते कळतं.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि वाजवी सोयी करायच्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ खाली प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेण्यास बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागा, नाहीतर त्याच दिवशी शाळेला ईमेल करून ‘आज आपण असं सांगितलंत’ हे नोंदवा. ती प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागात देताना समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांची मदत मागा. शाळेत येऊन मुलीला बघणं आणि वर्गशिक्षकांना मार्गदर्शन करणं हे त्यांचं कामच आहे.

प्रश्न: तपासणीला जाताना सोबत काय न्यायचं? — नेरूळ

उत्तर: जन्माचा डिस्चार्ज कागद: वजन, रडायला उशीर, कावीळ, झटके, काचेच्या पेटीतले दिवस हे सगळं त्यातून कळतं. लसीकरणाचं कार्ड. कानांचा रिपोर्ट. मुलाचा चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते, आणि यंत्राचे जादा सेल. आवडीचं एक खेळणं, घरचा खाऊ, कपड्यांचा जोड. मोबाइलमध्ये दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ: जेवताना, एकटं खेळताना आणि पाठीमागून नावाने हाक मारल्यावर. व्हिडिओ काढताना ‘टाळी वाजव, काकांना दाखव’ असं शिकवत राहू नका, तपासणाऱ्याला मुलाचं नेहमीचं वागणं बघायचं असतं. मुलाला दिवसभर सांभाळणारं माणूस, मग ती आजी असो की पाळणाघरातल्या मावशी, बरोबर आलं तर फार चांगलं. दुपारी दोन ते सहा मूल काय करतं हे त्यांनाच ठाऊक असतं.